माईची एकटीची ड्यूटी

तिला माई म्हणत नसेल असं त्या गावात कुणी नव्हतं. अर्ध्या गावाची नाळ तिनंच कापलेली. बाजारात एखादा मिशावाला भाव करताना आवाज चढवू लागला, की माई म्हणायची, "जन्मलास तेव्हाही असाच बोंबलत होतास." मिशा खाली यायच्या, भावही उतरायचा.

ती आरोग्य केंद्रात नर्स म्हणून लागली तेव्हा तिथे डॉक्टरीणबाई होत्या, आणखी दोन नर्स होत्या. डॉक्टरीणबाईंची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. एक नर्स लग्न होऊन गेली, दुसरी परदेशी गेली. खुर्च्या तेवढ्या मागे राहिल्या. माई वर सांगून सांगून थकली. "बघतो, बघतो" म्हणता म्हणता साहेबलोक निवृत्तसुद्धा झाले. उरल्या दोघी, माई आणि भिंगरी. भिंगरी म्हणजे आया. तिचा पाय म्हणून एका जागी ठरत नसे.

माईची सगळी आशा लेकीवर होती. नवऱ्यामागे एकटीनं वाढवलं, नर्सिंगला घातलं. लेक पास झाली आणि तिलाही परदेशातल्या इस्पितळाचं बोलावणं आलं. मग घरात रोजची खडाजंगी.

"इथल्या बायकांनी तुझं काय घोडं मारलंय गं?"

"बायकांनी नाही, माई. पण तुला साधं तापानं पडायचीही सोय नाही. मीपण तशीच झिजू का?"

कागदपत्रांसाठी लेक शहरात गेली होती, त्या दिवशीची गोष्ट. शिंपिणीचं तिसरं बाळंतपण सकाळीच सुखरूप झालं. मुलगी झाली, वारही पडली. माई हात धुवायला वळली, तोवर शिंपिणीच्या अंगाखालची चादर लाल होत चालली. गर्भपिशवी आकसेना. माईनं इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, तरी रक्त थांबेना. शेवटी तिनं एक हात आत घातला, दुसऱ्यानं पोट वरून दाबलं आणि पिशवी दोन्ही हातांत आवळून धरली. हात सोडला असता तर शिंपीण गेली असती.

"भिंगरे, गाडी बघ! आपली नसेल तर कुणाचाही टेम्पो आण, पण पळ!"

भिंगरी पळाली. शेजारच्या खाटेवर मास्तरांची सून होती. पहिलटकरीण. तासन्‌तास अडलेली, आणि नेमक्या त्याच वेळी तिला जोराची कळ आली.

"माई, येतंय! माई, इकडे या ना हो!"

माईला जाता येईना. तिनं सुनेच्या उशाशी बसलेल्या सासूला हाक मारली. "काकू, घाबरू नका. मी सांगते तसं करा. डोकं ओढू नका, नुसतं खाली हात धरा."

सासूनं बाळ झेललं. बाळ निळसर होतं, अंग लुळं.

"रडत नाही हो हे!"

"टॉवेलानं पुसा. पाठ चोळा, जोरात!"

सासू चोळत राहिली. श्वास द्यायची पिशवी भिंतीपाशी टेबलावर होती, चार पावलांवर. सासूला ती वापरता येणार नव्हती आणि माईच्या हातांखाली एक बाई वाहून चालली होती. शिंपिणीचे ओठ पांढरे पडलेले. बाजूला तिची काही घटकांची पोर टाहो फोडत होती.

माईनं हात सोडला नाही.

हातांखाली गर्भपिशवी घट्ट झाली, रक्त ओसरलं, तशी ती धावली. बाळाच्या तोंडावर श्वासाची पिशवी लावून दाबत राहिली. भिंगरी टेम्पो घेऊन आली तेव्हाही ती दाबतच होती. सासूनंच तिचा दंड धरला. "पुरे हो आता," ती म्हणाली आणि खाली बसली.

शिंपीण वाचली. चौकशी व्हायची ती झालीच. नवे साहेब आले, पंख्याखाली बसले. "तुम्ही एकट्या होतात, तर दुसरी केस घेतलीत कशाला?"

"कळा देत दारात आलेल्या बाईला काय सांगू साहेब, उद्या ये म्हणून?"

साहेब चहा न घेता गेले. चौकशीचं पुढे काही झालं नाही, आणि दुसरी नर्सही आली नाही. मास्तर मात्र रस्त्यात माई दिसली की मान फिरवून जाऊ लागले. माईला शिवी परवडली असती.

लेक शहरातून परतली, तिनं सगळं ऐकलं. आईच्या शेजारी बसून म्हणाली, "माई, मी जात नाही. राहते इथे."

माई तिचे कपडे घड्या घालून बॅगेत भरत होती. "राहून काय करशील? आपण दोघी झालो की एकीची बदली करतील. जा तू."

"तूच तर म्हणत होतीस..."

"म्हणत होते. आता म्हणते, जा."

लेक गेली. तिचा फोन यायचा. तिकडे एका बाळंतिणीपाशी दोघी दोघी नर्स असतात, असं एकदा ती बोलून गेली. माईला आवाज ऐकू येईनासा झाला, निदान ती तसं म्हणाली.

वर्ष उलटलं आणि एका सकाळी मास्तरांची सून दारात उभी राहिली. पोट पुढे आलेलं, मागे सासू.

"अजून एकट्याच का हो माई?" सासूनं विचारलं.

"एकटीच. काकू, हिला मोठ्या इस्पितळात न्या. दिवस भरायच्या आधीच न्या."

"जाऊन आलो. कळा सुरू झाल्याशिवाय खाट देत नाहीत म्हणे. आणि कळा सुरू झाल्यावर तिथवर पोचतंय कोण?"

माईनं सुनेला आडवं केलं, पोटाला नळी लावली, कान लावून ऐकलं. ठोके छान चालले होते, एका लयीत. तिनं तसं सांगितलं. सून हसली नाही. छताकडे बघत हळूच म्हणाली, "माई, माझ्या वेळेलाही दुसरी कुणी अडलेली असली, तर?"

माईनं तिचा पदर पोटावरून नीट केला. तिला उठायला हात दिला.