दोन बोटांचं व्यंग

माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. जहाजावर फिटर असताना दोरखंड ओढायच्या यंत्रात हात सापडला. मग समुद्र सुटला, आणि तो सिंगापूरलाच एका शिपयार्डात लागला. आम्ही राहतो तिथल्याच वुडलँड्सला. महिन्यातून एका रविवारी मरीन परेडला, आमच्या मराठी ख्रिस्ती गटाच्या प्रमुखांकडे, प्रार्थनेला जायचो.

त्या वर्षी प्रमुख प्राचीन इस्राएलाच्या उपासनेवर शिकवत होते. निवासमंडप, वेदी, होमार्पणं, याजकांची वस्त्रं. शिकवायचे छान, मी वहीत टिपून घ्यायची. एका रविवारी प्रभुभोजनाची भाकर फिरवायची पाळी माझ्या नवऱ्याची होती. त्यानं ताट उचललं, तोच प्रमुख म्हणाले, "तुम्ही राहू द्या. आत्ताच वाचलं ना आपण, व्यंग असलेल्या याजकानं वेदीजवळ जायचं नाही. देवासमोर सगळं निर्दोष हवं."

नवऱ्यानं ताट खाली ठेवलं आणि जागेवर येऊन बसला. कोणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही, आणि त्याचाच मला अजून संताप येतो.

नंतर सगळ्यांनी हॉकर सेंटरवरून, म्हणजे जवळच्या खाऊच्या टपऱ्यांवरून, आणलेल्या कोळंबीच्या नूडल्स मिटक्या मारत खाल्ल्या. त्याच नियमांत कोळंबीही वर्ज्य आहे, हे बरं कुणाला आठवलं नाही!

परतताना एमआरटी ट्रेनमध्ये मी फोनवर तो अध्याय काढला. लगेच पुढे लिहिलेलं होतं, अशा याजकानं देवाची भाकर खावी, अगदी परमपवित्र भाकरसुद्धा. म्हणजे त्या काळीही त्याला पंक्तीतून उठवलं नव्हतं. आणि ज्या येशूनं कुष्ठरोग्याला हात लावला, त्याच्या नावानं हे आम्हाला शिवाशिव शिकवणार?

"जाऊ दे गं," नवरा म्हणाला.

मी जाऊ दिलं नाही. पुढच्या महिन्यात उभी राहून ती ओळ मोठ्यानं वाचली. प्रमुख गडबडले. "मला फक्त नियमाचं गांभीर्य सांगायचं होतं," असं म्हणत त्यांनी ताट नवऱ्यापुढे केलं. "घ्या, आज तुम्हीच फिरवा."

एरवी मला गप्प बसवणारा तो शांतपणे म्हणाला, "ताट नंतर. आधी सगळ्यांसमोर माफी मागा."

प्रमुखांनी ताट शेजारच्याच्या हाती दिलं. आम्ही दोघं उठून बाहेर पडलो.

आता प्रार्थना आमच्या फ्लॅटमध्ये होते. तीन कुटुंबं येतात. बाकीचे अजून तिकडेच जातात, आणि बाजारात भेटले की मलाच समजावतात, "ताई, एवढं काय मनावर घ्यायचं?"