दारातली खुर्ची आणि छप्पनचा मोडेम

आमच्या शेजारची वहिनी खुर्ची ओढत आणून दाराच्या बरोबर मधोमध ठेवायची, पदर खोचून तिच्यावर बसायची आणि म्हणायची, "आता फैसला झाल्याबिगर कोणी उठाचं नाही."

आत अडकलेला माणूस कोणीही असो, घरमालक असो की गॅसवाला, त्याला चहा मिळायचाच. फक्त तो त्यालाच करावा लागायचा, कारण ती दार सोडायची नाही. "साखर वरच्या डब्यात आहे जी. माह्यासाठी कमी टाका." स्वतःविरुद्धच्याच तक्रारीच्या सुनावणीसाठी चहा उकळत उभे असलेले भले भले लोक मी त्या घरात पाहिले आहेत. तुमच्याही शेजारी अशी एखादी बाई असेल, तर तुम्ही हसाल. नसेल, तर तुमचं नुकसान झालं असं समजा.

शहराबाहेरच्या वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे आमच्या खोल्या होत्या, भिंतीला भिंत लागून. मी एका गोदामात हिशेब लिहायचो आणि ते मालकाला पाठवायला माझ्याही घरी फोन आणि कॉम्प्युटर होता. तिचा नवरा ट्रक चालवायचा. घरी कमी, रस्त्यावर जास्त. त्याची खुशाली कळावी म्हणून त्यांनी फोन घेतला होता. त्याच फोनवर पुढे तिची लढाई झाली.

शहरातल्या एका कंपनीने तिला घरबसल्या काम दिलं होतं. परदेशातले डॉक्टर रोग्यांची माहिती बोलून ठेवत. ते बोलणं फोनच्या तारेवरून तिच्या कॉम्प्युटरवर यायचं. तिने कानाला हेडफोन लावून ते टाइप करायचं आणि त्याच तारेवरून परत पाठवायचं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तिचं शिक्षण कामाला येत होतं. "भाऊजी, बी.एस्सी. मी पापड लाटाले नाही केलं," असं ती मला सांगायची, जणू मीच तिच्या हातात लाटणं दिलं होतं.

पण ते काम परत जाईना. टेबलावर लाल दिवे लुकलुकणारी एक डबी होती, मोडेम. फोन लागला की ती दोन मांजरं भांडल्यासारखी किंचाळायची आणि मग शांत व्हायची. शांत झाली की जोडणी झाली, असा आमचा सगळ्यांचा अनुभव. तिच्याकडे मात्र फाइल अर्धी जायची आणि जोडणी तुटायची. पुन्हा किंचाळणं, पुन्हा अर्धी फाइल.

मोडेम विकणारा दुकानदार येऊन म्हणाला, "वहिनी, मोडेम झक्कास आहे. लाइन भंगार." फोन खात्याचा लाइनमन आला. त्याने आपला टेस्टिंगचा फोन तारेला लावून कान दिला आणि म्हणाला, "लाइन काचेसारखी साफ. मोडेम डब्बा." दोघेही एकमेकांच्या गैरहजेरीत अगदी ठाम होते. कंपनीने मात्र निरोप पाठवला: सोमवारी सकाळी फाइल पोहोचली नाही, तर काम दुसऱ्या बाईला.

रविवारी तिने दोघांना बोलावलं. प्रत्येकाला वेगळं सांगितलं, "त्यानं गलती कबूल केली आहे, तुम्ही फक्त आयकाले या." दोघेही हसतमुखाने आले. एकमेकांना पाहून हसू मावळलं. तोवर खुर्ची दारात आली होती.

मला साक्षीदार म्हणून आधीच आत बसवलं होतं. मी माझं मत दिलं: हिशेबात फरक आला, तर चूक कोणाची तरी असतेच, ती शोधायची. तिने माझा जुना मोडेम मागवून घेतला आणि तिच्या लाइनला लावायला सांगितला. तो सुरळीत चालला. लाइनमनने मांडीवर थाप मारली. "पाहा, लाइन साफ!" मग दोघांना पुढे घालून तिने आपला कॉम्प्युटर आणि मोडेम माझ्या घरी नेऊन माझ्या लाइनवर लावला. तोही चालला. आता दुकानदार उसळला. "पाहा, मोडेम झक्कास!"

 माझ्या हिशेबात असा फरक कधी आला नव्हता.

ती मात्र परत खुर्चीवर बसून शांतपणे म्हणाली, "म्हणजे पोरगीही चांगली, पोरगाही चांगला. दोघांचं जमून नाही राहिलं, एवढंच नं?" मग दुकानदाराला विचारलं, "का गा, हा अन् कंपनीतला मोडेम किंचाळतात तवा एकमेकाले काय सांगतात?"

"किती स्पीडने बोलायचं, ते ठरवतात वहिनी. हा छप्पनवाला आहे, तर छप्पन मागतो. भाऊजींचा जुना, तेहतीसचा, हळू बोलतो."

"मग याले तेहतीसवर बोलाले सांग."

दुकानदाराचा चेहरा पडला. "छप्पनचा मोडेम तेहतीसवर? माह्या दुकानाची बेइज्जती आहे ही! त्यापेक्षा दुसरा मोडेम घ्या नं."

"दोष त्याचा नाही, तर मी काहून बदलू? मले चालाचं आहे गा, पळाचं नाही."

"तेहतीसवर चालला, म्हणजे मोडेमच खराब," लाइनमन पुटपुटला.

"अहो, लाइन खराब म्हणून तर उतरावं लागून राहिलं!"

"भांडा," ती म्हणाली, "पण आधी हात चालवा."

दुकानदाराने तोंड वाकडं करून मोडेमच्या सेटिंगमध्ये वेगाला लगाम घातला. डबी किंचाळली, शांत झाली. फाइल मुंगीच्या चालीने सरकू लागली. लाइनमन उठायला लागला, तर ती म्हणाली, "बसा जी. पूर्ण पोहोचू द्या." पूर्ण पोहोचली. तेव्हाच दार मोकळं झालं.

काम टिकलं, आणि बरीच वर्षं टिकलं. मध्यंतरी कंपनीच्या साहेबाने ऐकवलं की नव्या बायकांकडे वेगवान मोडेम आहेत. ती बसने शहरात गेली, साहेबाच्या केबिनच्या दारात खुर्ची ओढून बसली आणि विचारलं, "वेगाचं सोडा. चुका कोणाच्या कमी?" साहेबाने खरोखर तपासून पाहिलं. तिचं काम काही सुटलं नाही. चहा साहेबाने केला की नाही, ते मात्र तिने मला कधी सांगितलं नाही.

ती यंदा गेली. दुखण्याशीही तिने असाच वाद घातला, असं तिचा नवरा म्हणाला. भेटायला गेलो, तर माणसं भिंतीला टेकून बसली होती आणि खुर्ची दारात होती. येणारा प्रत्येकजण अंग चोरून तिच्या बाजूने आत जात होता. हलवली कोणीच नाही.

दुकानदार आला होता, केस पांढरे झालेले. निवृत्त लाइनमनही आला. दोघे शेजारी बसले.  मग लाइनमन हळूच म्हणाला, "तुमचा मोडेमच डब्बा होता, भाऊ."

"लाइन भंगार होती," दुकानदार डोळे पुसत म्हणाला.

"मोडेम."

"लाइन."

त्यांचा आवाज चढू लागला, तशी लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना थांबवलं नाही. उठून स्वयंपाकघरात गेलो, चहा ठेवला आणि साखर कमी टाकली. बाहेर दोघांचं चालूच होतं. दार मोकळं नव्हतं, आणि कोणी उठतही नव्हतं.