खोटारड्यांचं नाटक, खऱ्याची तालीम

खोटं बोलण्यावरचं नाटक बसवायला घेतलं की किस्से शोधायला जावं लागत नाही. ते तालमीला आपल्याआधी येऊन बसतात!

आम्ही परळला जुन्या इंग्रजी विनोदी नाटकांची मराठी रूपांतरं करतो. सगळी थापाड्यांची नाटकं. कारण ज्या शहरात सकाळपासून थापा सुरू होतात, तिथे थाप कशी चालते हे लोकांना दाखवायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. दिग्दर्शक मीच. म्हणून पहिल्याच दिवशी नियम केला : तालमीला उशीर झाला तर खरं कारण सांगायचं.

आमचा हिरो प्रथमेश आधीच्या नाटकांत प्रत्येक उशिराला एक नातेवाईक आजारी पाडायचा. नियम झाल्यावर तासभर उशिरा आला.

"का रे?"

"यायचा कंटाळा आला होता."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला ओरडताही येईना!

*

या नाटकांत एक गंमत असते. थापाड्या मध्येच प्रेक्षकांकडे तोंड वळवतो आणि मनातलं खरं बोलून टाकतो. शेजारी उभ्या माणसाला ते ऐकू जात नाही, असं सगळ्यांनी मानायचं. प्रथमेशला याची इतकी सवय लागली की ऑफिसात साहेबांना "वा सर, मस्त आयडिया!" म्हणून तो खिडकीकडे वळला आणि म्हणाला, "काय डोकं खातो हा माणूस!"

"काय म्हणालास?"

"सर, हे तुम्हाला ऐकू येत नाही!"

*

सायली वरळी कोळीवाड्याची. वडिलांची होडी आहे आणि राग समुद्रासारखा. नाटकाचं कळलं तर तिचं बाहेर पडणं बंद. म्हणून घरी सांगितलेलं : बँकेच्या परीक्षेचा क्लास. मी चिडलो. "सायली, आपण खोटेपणाविरुद्ध नाटक करतोय!"

"दादा, तू विरुद्ध कर. मला आधी तालमीला पोचू दे."

एकदा वडिलांनी विचारलंच, "क्लासात शिकवतात काय?"

"समोरचा खोटं बोलतोय ते कसं ओळखायचं."

"बरोबर. बँकेत लागतंच ते!"

*

हॉल मिळाला नाही की आम्ही लालबागला प्रथमेशच्या चाळीत तालीम करतो. दारात शेजारच्या मालवणी काकू बसतात. थापाड्या पडद्यामागे लपतो, बायको त्याला शोधत येते, तोच काकू ओरडल्या, "अगो, पडद्याच्या मागे लपलोहा तो!"

"काकू, सांगायचं नसतं. नाटक आहे."

"मगे काय गप बसान बघू? बायलेक फसयता तो!"

त्या दिवशी आमचं नाटक तिसऱ्या मिनिटाला संपलं.

*

प्रयोगाच्या दिवशी सायलीने विंगेतून बाहेर पाहिलं आणि झटकन मागे सरली. शेवटच्या रांगेत वडील! तिची भूमिका पुरुषाचा वेश घेतलेल्या मुलीची. "दादा, मी जात नाही स्टेजवर." सत्याचा एवढा पुरस्कर्ता मी, पण तोंडातून निघालं, "मिशी घट्ट चिकटव!"

ती गेली. काय काम केलं तिने! पडदा पडला आणि वडील थेट आत आले, तिच्यासमोर उभे राहिले. मिशी अजून तशीच.

"काम झकास केलंस रे, पोरा."

सायलीने आवाज जाड केला. "थँक्यू, काका."

"घरी माहीत हाय?"

"नाही. वडील कडक आहेत."

"असतात काही काही." ते दारापर्यंत गेले, थांबले. "पुढच्या टायमाला त्यांना पुढची खुर्ची दे. मागं नीट ऐकू येत नाय."