काकांचं सर्वांत आखूड गाऱ्हाणं

इंग्रजीची जेवढी काळजी आमच्या काकांना आहे, तेवढी खुद्द इंग्लंडच्या राणीलाही नसेल. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, आमच्या कट्टा गावच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. लांबलचक इंग्रजी शब्दांना ते विचारत नाहीत. "ते बिचारे एकाच कामाचे. खरे वस्ताद हे आखूड शब्द," असं म्हणून जो सापडेल त्याला धरतात. पाहुणा झोपायला टेकला की 'कॉट' ही मूळ आपलीच खाट, साहेबाने उचलून नेली, हे ऐकल्याशिवाय त्याला डोळा मिटता येत नाही. एकदा एसटीच्या कंडक्टरला पायरीवर उभं राहून जी-ई-टी 'गेट'चे अर्थ सांगत होते. आठव्या अर्थाला त्याने घंटी मारली आणि काका कट्ट्यालाच राहिले. शेवंता मासेवालीलाही सोडलं नाही. "'स्काय' म्हणजे मुळात ढग. उत्तरेकडच्या दर्यावर्दींनी तो शब्द इंग्लंडात नेला."

"ता ऱ्हवांदे, मास्तरांनू. पाऊस येतलो काय ता सांगा. माझे बांगडे सुकत घातलेले आसत."

देवळात गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालायचा, मानही काकांचाच. तिथेही देवाला दोन-चार व्युत्पत्त्या ऐकाव्या लागत. गाऱ्हाणं घालणारा थांबला की बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही आपली रीत. काकांनी नुसता श्वास घेतला तरी मंडळी घाईघाईने "व्हय म्हाराजा" म्हणून मोकळी होत.

मग त्यांची एकुलती एक लेक नर्स म्हणून इंग्लंडला निघाली. तिला इंग्रजीची गोडी लावली काकांनीच; आता अडवायला तोंड कुठे होतं? निघायच्या दिवशी सगळी वाडी देवळात जमली. काकांनी नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या माझा चेडू आज परमुलखात निघालाहा, तेका थंय..."

पुढे शब्दच येईना. आम्ही वाट बघत राहिलो. शेवटी मागून शेवंता हळूच म्हणाली, "व्हय म्हाराजा." मग सगळेच म्हणाले. काकांनी पुन्हा तोंड उघडलं, "तेका..." आणि पुन्हा थांबले. या वेळी आम्ही थांबलो नाही. "व्हय म्हाराजा." गाऱ्हाणं झालं.

लेकीची गाडी दिसेनाशी झाली तरी काका रस्त्यावरच उभे. समोरून एसटी गेली, तिच्या कंडक्टरलाही त्यांनी धरलं नाही. मला तर भीतीच वाटली. शेवंताने टोपली खाली ठेवली.

"मास्तरांनू, त्या ढगाचा काय ता परत सांगा बघू."

काकांनी डोळे पुसले आणि अगदी दर्यावर्दींपासून सुरुवात केली. ती टोपलीशेजारी बसून शेवटपर्यंत ऐकत राहिली. पाऊस येणार का, हे या वेळी तिने विचारलं नाही.