खालशातला बंगला

सांगली तेव्हा संस्थान होतं आणि साताऱ्याकडचा मुलूख इंग्रजांचा. त्या मुलखाला आम्ही खालसा म्हणायचो. आमचे अण्णा हळदीचे व्यापारी. नुसतं तासगावला जाऊन आले तरी विलायत पाहून आल्यासारखे बोलायचे. लढाई संपली, हळदीला भाव आला आणि अण्णांनी वाईच्या पुढे एका खेड्यात, म्हणजे परमुलखात, तीन खोल्यांचं कौलारू घर घेतलं. पेठेत सांगताना त्याचा बंगला झाला.

निमित्त आईचं होतं. विषमज्वरातून उठल्यापासून तिच्या अंगात ताकद नव्हती. वैद्यांनी विश्रांती सांगितली, पण चौदा माणसांच्या घरात ती मिळायची कुठे? आईने जन्मात एकच हट्ट केला: पंधरा दिवस मला कुणी हाक मारू नये.

मग हवापालटाला आईबरोबर कुणी जायचं याचा विचार झाला आणि सगळेच निघाले. परदेशातला बंगला बघायचा राहून जायला नको.

घर अण्णांनी पारखून घेतलं होतं. विहिरीचं पाणी गाळून पाहिलं होतं. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. म्हणून स्वयंपाकघराला पश्चिमेची खिडकी आहे हेही पाहिलं होतं. फक्त गावात बस्ती, म्हणजे आमचं देऊळ, आहे का हे विचारायचं राहिलं. आईचं लग्नाआधीपासूनचं व्रत होतं, बस्तीत दर्शन घेतल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. अण्णा उठल्या उठल्या न्याहारी करून दुकान गाठणारे. इतकी वर्षं संसार करूनही हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. सगळं मुसळ केरात गेलं.

वाईच्या घाटावर देवळंच देवळं, पण आमची बस्ती कुठे आहे ते कुणाला सांगता येईना. आई नुसत्या पाण्यावर राहून तेरा माणसांच्या भाकरी थापत होती. दुसऱ्या दिवशीही तेच. ती मुद्दाम आमची मजा घालवते आहे असं वाटून मला तिचा राग आला. त्या रागाची मला आज लाज वाटते. तिसऱ्या दिवशी ती विहिरीपाशी मटकन खाली बसली. अण्णांचा चेहरा उतरला. सगळेच परत जाऊ, असं ते म्हणाले, तेव्हा आत्यापासून पोरांपर्यंत कुणी जागचं हलेना. शेवटी काका तिला सांगलीला पोचवून मिळेल त्या गाडीने परत आले. त्यांना इकडची हवा मानवत होती.

पंधरा दिवसांनी आम्ही परतलो. दार आईने उघडलं. तिचे गाल भरले होते. शेजारीण म्हणाली, बस्तीतून येते, जेवते आणि दुपारभर झोपते. अण्णा ओशाळले. जिच्यासाठी घर घेतलं तिलाच त्याचा उपयोग नाही, तेव्हा ते विकून टाकतो, असं म्हणाले.

आईने दुसऱ्यांदा काही मागितलं.

"आवं, इकू नगा. लय गुनाचं घर हाय त्ये. दरसाल समद्यास्नी घिऊन जावा."

पुढे संस्थान विलीन झालं, वाई काही परदेश उरली नाही, तरी आम्ही दर उन्हाळ्यात जात राहिलो. आई पहाटे उठून दशम्या बांधून द्यायची, टांग्यापर्यंत पोचवायला यायची आणि टांगा वळणावर जायच्या आत दाराला कडी घालायची. तो आवाज आम्हाला टांग्यात ऐकू यायचा.