रिपोर्टसंगं मलेबी ने

पुष्पाबाईंच्या मणक्यात कॅन्सरची गाठ निघाली आणि त्यांचे रिपोर्ट गावोगाव हिंडू लागले. मुलगा हितेंद्र ते पिशवीत घालून जळगावला जाई, दीर झिपरूनाना धुळ्याला. पेशंटला कशाला त्रास, रिपोर्ट दाखवले म्हणजे झालं, ही आपल्याकडची जुनी खोड. सून मयुरी शाळेवर शिकवायला गेलेली, म्हणून जिच्या पाठीत गाठ तीच बाई मुक्ताईनगरजवळच्या त्या घरात भेटायला येणाऱ्यांसाठी चहा टाकत होती.

येणारेही काही कमी नव्हते. प्रत्येकाच्या ओळखीत कुणीतरी ऑपरेशन करून खाटेला खिळलेला होता, नाहीतर न करता. शेजारची शेवंताबाई तर छाती ठोकून सांगून गेली, मणक्याला चाकू लावायचाच नाही, काढा घ्यायचा. कसला, ते तिलाही धड माहीत नव्हतं. हितेंद्र म्हणे करून टाकू, झिपरूनाना म्हणत साठी उलटली, कशाला चिरफाड. दोघांची ओट्यावर जुंपायची आणि पुष्पाबाई बाहेर आल्या की दोघे एकदम केळीच्या भावावर बोलायला लागत. पाठीतली कळ परवडली पण हे ढोंग नको, असं त्यांना होऊन जाई.

शेवटी एका सकाळी त्यांनी पातळ बदललं आणि हितेंद्रला म्हणाल्या, "गाडी काढ. आज रिपोर्टसंगं मलेबी ने."

जळगावच्या डॉक्टरीणबाई सरळ बोलल्या. ऑपरेशन केलं नाही तर गाठ नसा दाबत जाईल, काही महिन्यांत पाय जातील. केलं तर पाय वाचायची चांगली आशा, दुखणंही कमी होईल. पण नंतर दोन-तीन महिने हाल आहेत आणि क्वचित टेबलावरच पाय जाऊ शकतात.

"आणि कॅन्सर?"

"तो यानं जाणार नाही, पुष्पाबाई. ऑपरेशन आयुष्य वाढवायला नाही, पायांसाठी आहे."

एवढी साधी गोष्ट, पण घरात कुणी तोंडातून काढली नव्हती. सगळे भांडत होते ते बाई वाचेल का यावर. पुष्पाबाईंना हवं होतं ते वेगळंच. शेवटपर्यंत स्वतःच्या पायांनी संडासला जायचं, बस. त्यांची सासू चार वर्षं अंथरुणावर होती. तिचं सगळं पुष्पाबाईंनी काढलं. नवऱ्यानं, तिच्या सख्ख्या मुलानं, एकदाही हात लावला नाही आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटलं नाही. सासू मात्र रोज भिंतीकडे तोंड करून रडायची.

"करा ऑपरेशन," त्या म्हणाल्या.

आता हितेंद्रची गाळण उडाली. इतके दिवस करू करू म्हणणारा तोच. "माय, पण पाय गेले तर?"

"गेले तर तू उचलशीन का मले?"

"मयुरी आहे ना घरी," तो बोलून गेला.

पुष्पाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तिचं नाव नको घेऊ. ती करीनच, मले माहीत हाये. मी तुले विचारते. माही घाण तू काढशीन का? हो का नाही, तेवढं सांग."

हितेंद्रनं डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या मान खाली घालून रिपोर्ट चाळत राहिल्या.

"काढीन," तो पुटपुटला.

"मोठ्यानं सांग."

"काढीन, माय."

पुष्पाबाई डॉक्टरीणबाईंकडे वळल्या. "तारीख द्या," म्हणाल्या.