अळूच्या पानाचा लेप

गुळगुळीत वस्तूंचा एवढा राग असलेला माणूस नाहूरमध्येच काय, उभ्या मुंबईत दुसरा नसेल. आमच्या शेजारचे काका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले आणि खडबडीतपणाच्या मागे लागले. त्यांचं म्हणणं, गुळगुळीत पृष्ठभागावरून बरंचसं ऊन परत जातं. बारीक खाचाखोचा असल्या की ते अडकतं आणि सोलर शीट जास्त वीज देते. मी दाढी करून निघालो तरी म्हणायचे, "घालवलंस रे सगळं ऊन!" महागडी यंत्रं कुठून आणणार? म्हणून ते अळूच्या पानावर पारदर्शक रबराचा लेप ओतत आणि वाळल्यावर पानाची नक्षी उमटलेला तो लेप सोलून शीटवर चिकटवत. बाजारात भिंग लावून पानं निवडत. भाजीवाली एकदा वैतागून म्हणाली, "काका, वड्या करायच्यात की सून बघायचीय?"

हा सगळा खटाटोप काकूंसाठी होता. त्यांना दम लागायचा. तोंडावर पंख्याचा वारा आला की जरा बरं वाटायचं. त्यांना एकदा मालवणकडच्या घरी जायचं होतं, पण तिथे दुपारी लाईट जाते म्हणून मुलगा नको म्हणत होता. गुंडाळून नेता येईल अशा शीटवर पंखा दुपारभर चालवून दाखवीन, मगच नेईन, असा काकांनी शब्द दिला होता. समोर टॉवर झाल्यापासून आमच्या गॅलरीत जेमतेम तासभर ऊन. तिथे पंखा धापा टाकत फिरे. काका नवं पान आणत. काकू म्हणत, "आता पुरे करा ओ. माका घराक जावचा आसा." "थांब गो, अजून थोडा," असं म्हणत काकांनी उन्हाळा घालवला. श्रावणात काकू गेल्या. मला काकांचा फार राग आला होता, आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

या मार्चमध्ये ते एकटेच गावी गेले. परवा संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"काल अंगणात शीट पसरली रे. पाचपर्यंत चालला पंखा."

"झकास, काका!"

"आज लेप सोलून काढला. नुसती शीट लावली. तरी पाचपर्यंत चालला. इथे ऊन किती असतं, ते मी विसरलोच होतो रे."